परवलीच्या शब्दातील मीठ

परवलीचा शब्द विसरल्यास बँक जुना सांगत नाही, नवाच घ्यावयास लावते. कित्येक ग्राहकांस ही अडवणूक वाटते. परंतु सुव्यवस्थित प्रणालीत तो शब्द साठवलेलाच नसतो. त्यावर एकमार्गी गणिती प्रक्रिया करून उरलेला ठसा तेवढा जपतात. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसेच हे. मात्र समान शब्दांचे ठसेही समान येतात. म्हणून प्रत्येक शब्दात निराळी यादृच्छिक अक्षरे मिसळतात. तंत्रज्ञ त्यांस चक्क ‘मीठ’ म्हणतात! मॉरिस व थॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्सविषयक निबंधात ही युक्ती वर्णिली. तरीही २०१२ मध्ये लिंक्डइनचे सुमारे ६५ लाख ठसे बाहेर फुटले, ते अळणीच होते. पुष्कळ शब्द काही दिवसांतच उकलले. अन्यत्र वापरलेला शब्दच आपण बँकेच्या खात्यासही ठेवला असेल, तर आमचे मीठ निरुपयोगी. तो आजच बदलावा.