नाव मोठं, बोट एकच!

मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याची गिटार कपाटावर पडून राहिली. धूळ पुसताना एकदा तारेला हात लागला. वाटलं, आपण का शिकू नये? वय पंचेचाळीस. घरात हसू झालं. क्लासचे सर म्हणाले, ''काकू, तुम्ही साध्या कॉर्डपर्यंतच थांबा.'' पुढच्या पानावर ए मायनर सेव्हन, नाइन, इलेव्हन अशी नावं होती. मी ते पान मुकाट्यानं मिटायची.

उलगडा झाला तो भजनी मंडळात, पेटीवर. 'ए' हा सा धरला, तर ए मायनर म्हणजे सा, कोमल ग आणि प. त्यात कोमल नी मिळवला की सेव्हन. मग मोजत वर जायचं. वरचा सा आठवा, त्याच्या पुढचा रे नववा आणि म अकरावा! नाइनमध्ये रे आला, इलेव्हनमध्ये मसुद्धा. सगळे आपल्या काफीतलेच सूर की!

पण मैत्रिणींनो, सूर सहा आणि बोटं चार, मग जमायचं कसं? मोकळ्या तारा असतात ना मदतीला! डाव्या हाताचं पहिलं बोट दुसऱ्या तारेवर, पहिल्या फ्रेटमध्ये ठेवा. पट्टीवर नको, पट्टीच्या किंचित अलीकडे. सर्वांत जाड, सहावी तार सोडून बाकीच्या पाचही छेडा. झाली इलेव्हन! यात रे गाळलेला आहे, पण तो चालतो. नाइनसाठी तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर, पाचव्या फ्रेटमध्ये दोन बोटं. बाकी तारा मोकळ्या, जाड तार इथेही सोडायची. यात मात्र पाचही सूर येतात.

साध्या मायनरमध्ये सरळ रडू असतं. इलेव्हनमध्ये ते गळ्याशी येऊन थांबतं.

सुरुवातीला बोटांची टोकं दुखली, भाकरी थापताना झोंबायची. डाव्या हाताची नखं कापली, रोज दहाच मिनिटं बसले. परवा फोनवर मुलाला ऐकवलं. तो म्हणाला, ''आई, हे तुला कुणी शिकवलं?'' मी म्हटलं, ''पेटीनं!''

तुमच्याही कपाटावर गिटार असेल, तर आधी खाली काढा. तारा गंजल्या असतील तर बदला, सुरात लावून घ्या. आणि वहीचं ते पुढचं पान उघडाच.