रुईची नोंद झाली, भुंग्याची राहिली

खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या हातात रुईच्या पानांची माळ असते. फुलाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. पुढच्या शनिवारी रस्त्याकडेच्या रुईपाशी पाच मिनिटं थांबा. एखादा काळाभोर भुंगा घोंघावत येईल आणि जांभळट फुलाच्या मधल्या पंचकोनी मुकुटावर बसेल. या मुकुटाला पाच बारीक फटी असतात. मध पिताना भुंग्याचा पाय फटीत घसरतो आणि तिथल्या काळसर चिमट्यात अडकतो. जोर लावून त्याने पाय सोडवला, की चिमट्यासकट परागांच्या दोन पिवळ्या पिशव्या लोंबकळत बाहेर येतात. त्यातली एक दुसऱ्या फुलाच्या फटीत नेमकी शिरली, तर बोंड धरतं आणि पुढे त्यातूनच म्हाताऱ्या उडतात. रुईचे पराग वाऱ्यावर उडत नाहीत, त्यांना असा हमाल लागतोच. आमरी आणि रुई यांच्या कुळांतली हीच फलनक्रिया उलगडणाऱ्या १८३१च्या निबंधात रॉबर्ट ब्राउन यांनी पेशीतल्या केंद्रकाला नाव दिलं.

वर्गीकरणात रुई, म्हणजे कॅलोट्रोपिस जायगँटिया, पूर्वी अॅस्क्लेपिएडेसी कुळात होती. आता ती कण्हेर आणि सदाफुलीच्या अॅपोसायनेसी कुळात गेली आहे. भुंग्याच्या बाबतीत नावापासूनच घोळ आहे. शेणातल्या भुंगेऱ्यालाही लोक भुंगाच म्हणतात, पण तो कठीण पंखांच्या गणातला. पुस्तकातला बम्बलबी भारतात मुख्यतः हिमालयाच्या थंडीत राहतो. आपला भुंगा म्हणजे झायलोकोपा, सुतारमाशी. ती मधमाशी आणि बम्बलबी यांच्याच एपिडी कुळातली. मादी वाळक्या लाकडात बोगदा कोरते, भुशाच्या भिंती घालून खोल्या पाडते आणि प्रत्येक खोलीत परागांच्या गोळ्यावर एक अंडं घालते.

आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत रुई 'कमीत कमी चिंतेची' आहे. आपल्याकडच्या बहुतेक भुंग्यांचं मात्र मूल्यमापनच झालेलं नाही. युरोपात २०१४ साली मधमाश्या-भुंग्यांच्या १,९६५ जाती तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक जातींबद्दल पुरेशी माहितीच सापडली नाही. नोंद नसणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे. रुई निर्धास्त आहे असं म्हणताना तिचे पराग वाहणाऱ्याला आपण मोजलेलंच नाही, आणि मला हे अर्धवट वाटतं.

गोठ्याच्या जुन्या वाशाला गोल भोक दिसलं, तर त्यात लगेच औषध फवारू नका. बांधावरचं एखादं वाळलेलं खोड तसंच उभं राहू द्या, आणि रुईवर भुंगा दिसला की तारीख, ठिकाण वहीत लिहून ठेवा.