टल्साची पुरलेली प्लिमथ

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे. १५ जून १९५७ रोजी तिथल्या न्यायालयाच्या हिरवळीत खणलेल्या खड्ड्यात क्रेनने एक कोरी करकरीत मोटार उतरवली गेली आणि वरून खड्डा बंद करण्यात आला. बरोबर पन्नास वर्षांनी ती बाहेर काढायची, असं तेव्हाच ठरलं होतं. ठरल्याप्रमाणे ती काढलीही. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या कुणालाही त्या दिवसाचे फोटो बघवत नाहीत. पण वस्तू जपून ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

तेलाच्या गावचा उत्सव

ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा मिळाला १९०७ साली. त्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त टल्साने ‘टल्सारामा’ नावाचा मोठा सोहळा केला आणि त्यातला सगळ्यात गाजलेला कार्यक्रम म्हणजे ही मोटारीची कालकुपी. टल्सा त्या काळी स्वतःला जगाची तेलराजधानी म्हणवून घ्यायचं. शहराची सारी भरभराट खनिज तेलावर झालेली. अशा गावाने २००७ मधल्या नागरिकांना काही पाठवायचं तर पेट्रोलवर धावणारी मोटार सुचणं साहजिकच होतं.

हीच गाडी का

निवडली ती १९५७ची प्लिमथ बेल्व्हेडिअर, दोन दारांची, पांढऱ्या-सोनेरी रंगातली. क्रायस्लर कंपनीचे आरेखक व्हर्जिल एक्स्नर यांनी त्या वर्षी गाड्यांचा चेहरामोहराच बदलून टाकला होता. छप्पर खाली आलं, काचा मोठ्या झाल्या आणि मागच्या बाजूला माशाच्या परासारखे उंच कल्ले आले. बाजारात ही गाडी तीन वर्षं पुढची म्हणून विकली जात होती. पन्नास वर्षांनीही ती जुनाट दिसणार नाही, अशी आयोजकांची खात्री होती, आणि रूपापुरतं बोलायचं तर ती खरीच ठरली.

प्लिमथ हे नाव आपल्याकडेही परकं नव्हतं. फियाटचं नाव घरोघरी होण्याआधी, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी सुरू केली होती.

मात्र एक गोष्ट टल्सावाल्यांना तेव्हा कळणं शक्य नव्हतं. १९५७चं हे मॉडेल घाईघाईत बाजारात आलं होतं. त्याचा पत्रा फार लवकर गंजतो, अशी ओरड पुढे सगळीकडे झाली. रस्त्यावर धावणाऱ्या, रोज पुसल्या जाणाऱ्या गाड्यांचीही थोड्याच वर्षांत चाळण झाली.

सोबत काय पुरलं

२००७ पर्यंत पेट्रोलची इंजिनं मोडीत निघाली असतील तर गाडी चालवायची कशी? म्हणून सोबत १० गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लिटर, पेट्रोल आणि इंजिन ऑइल ठेवलं. तेलाच्या राजधानीने आपल्याच धंद्याचा अंत गृहीत धरून केलेली ही तजवीज मला फार मोलाची वाटते. बिअरचे डबेही गेले.

डॅशबोर्डच्या कप्प्यात त्या काळच्या बाईच्या पर्समध्ये जे सापडेल ते ठेवलं होतं. केसांच्या पिना, लिपस्टिक, च्युइंगगम, कागदी रुमाल, सिगारेटचं पाकीट, २ डॉलर ७३ सेंट सुटे, आणि पार्किंगच्या दंडाची न भरलेली पावतीसुद्धा. सरकारी कालकुप्यांत भाषणं आणि ताम्रपट भरलेले असतात. रोजच्या जगण्यातलं इतकं बारीकसारीक क्वचितच कुणी ठेवतं.

याशिवाय एक पोलादी नळकांडं होतं, झाकण वेल्डिंगने बंद केलेलं. त्यात पत्रं, कागदपत्रं आणि ४८ ताऱ्यांचा अमेरिकी झेंडा होता. अलास्का आणि हवाई ही राज्यं १९५९ मध्ये सामील झाली, त्याआधीचा.

बॉम्बपासून बचाव, पाण्यापासून नाही

वर्ष १९५७चं. अणुयुद्धाच्या भीतीने अमेरिका ग्रासलेली. त्यामुळे फवारून बसवलेल्या काँक्रीटची ही कोठी अणुबॉम्बलाही दाद देणार नाही, असं अभिमानाने सांगितलं गेलं. माझ्या मते सारं बिघडलं ते इथेच. ज्या संकटाची धास्ती होती त्याच्यासाठी भिंती बांधल्या; जमिनीत बारा महिने असणाऱ्या ओलाव्याचा विचार पुरेसा झाला नाही.

काँक्रीट कठीण असतं, पण जलरोधक नसतं. त्याला सूक्ष्म छिद्रं असतात, वर्षानुवर्षं माती हलली की तडे जातात, सांध्यांतून पाणी झिरपतं. कोठीला निचऱ्याची वाट नसेल तर आलेलं पाणी बाहेर जात नाही. आपल्याकडे तळघर बांधणाऱ्या कुठल्याही गवंड्याला विचारा, तो आधी पाण्याचं बोलेल.

गाडीभोवती प्लॅस्टिकसारख्या आवरणाचे थर गुंडाळले होते. त्यांनी उलट नुकसानच केलं असणार, कारण एकदा आत शिरलेला ओलावा अशा गुंडाळीत कोंडून राहतो. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. पूर्ण बुडालेल्या लोखंडापर्यंत प्राणवायू कमी पोचतो. पाणी चढतं-उतरतं तिथे मात्र पत्रा आलटून पालटून भिजतो आणि वाळतो, आणि गंज झपाट्याने खात जातो.

जून २००७

कोठी उघडली तेव्हा आत काही फूट पाणी साचलेलं होतं. भिंतींवरच्या खुणांवरून कळत होतं की कधीतरी गाडी पूर्ण बुडाली होती. पाणी उपसून १५ जूनला ती वर काढली. त्या संध्याकाळी सभागृहात हजारो लोकांसमोर तिचं आवरण उतरवण्यात आलं. इंजिन सुरू करून बघायला बॉइड कॉडिंग्टन हे नावाजलेले मोटारकारागीर मुद्दाम आले होते. पण किल्ली फिरवून बघण्याचीही सोय उरली नव्हती. सगळा पत्रा गंजाने तपकिरी झालेला, आतल्या गाद्या कुजलेल्या, पर्समधल्या वस्तूंचा चिखल. कल्ल्यांची रेघ तेवढी तशीच उभी होती.

वेल्डिंग केलेलं नळकांडं उघडलं आणि झेंडा, कागद सगळं सुस्थितीत निघालं. खड्डा तोच, पाणीही तेच.

बक्षीस

१९५७ मध्ये लोकांकडून एक अंदाज मागवला होता: २००७ साली टल्साची लोकसंख्या किती असेल? ज्याचा आकडा सर्वांत जवळचा, त्याला गाडी आणि १०० डॉलरचं बचत खातं. १९५०च्या जनगणनेत शहर १,८२,७४० लोकांचं होतं. विजेत्याने लिहिलं होतं ३,८४,७४३; प्रत्यक्षात धरलेला आकडा निघाला ३,८२,४५७. हा माणूस १९७९ मध्येच वारला होता. त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून गाडी त्याच्या वृद्ध बहिणींकडे गेली.

ओक्लाहोमाचीच दुसरी पेटी

टल्सापासून सुमारे १७० किलोमीटरवर ओक्लाहोमा सिटी आहे. तिथल्या एका ल्यूथरन चर्चच्या महिला मंडळाने २२ एप्रिल १९१३ रोजी तांब्याची एक पेटी पुरली होती. २०१३ मध्ये ती उघडली, तर टेलिफोन, कॅमेरा, ध्वनिमुद्रण यंत्र, वर्तमानपत्रं आणि झेंडा, सारं कोरडं आणि जवळजवळ नव्यासारखं निघालं. या बायकांनी पेटी उघड्या मैदानात न पुरता चर्चच्या तळघराच्या जमिनीखाली ठेवली, म्हणजे वर कायम छप्पर राहिलं. भोवती दुहेरी काँक्रीट होतं, आणि पेटी तांब्याची, जे लोखंडासारखं गंजत नाही. त्यांच्या या कामाचा गाजावाजा टल्साच्या गाडीच्या शतांशही झाला नाही, याची मला खंत वाटते.

गंज उतरवल्यावर

न्यू जर्सीच्या एका कंपनीने बेल्व्हेडिअरवरचा गंज मोठ्या चिकाटीने उतरवला. वरून ती पुष्कळ ओळखू येऊ लागली, पण खालचा सांगाडा इतका झिजला होता की ती पुन्हा रस्त्यावर धावणं अशक्यच होतं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने ती घ्यायला नकार दिला. २०१७ मध्ये ती इलिनॉय राज्यातल्या रॉस्को इथल्या मोटार संग्रहालयात गेली. नवा पत्रा ठोकून, रंग मारून तिला चकचकीत केलं नाही हे उत्तम झालं. तशा बेल्व्हेडिअर इतरत्र बघायला मिळतात.

टल्साने गाडी ठेवण्याचा नाद सोडलेला नाही. शहराच्या शताब्दीनिमित्त १९९८ मध्ये त्यांनी प्लिमथचीच प्राउलर ही गाडी बंद केली, पण या वेळी जमिनीवर बांधलेल्या कोठीत. प्राउलरच्या बांधणीत ॲल्युमिनियम भरपूर आहे, त्यामुळे गंजाची चिंता कमी. टायर, नळ्या, वायरींवरचं प्लॅस्टिक पन्नास उन्हाळ्यांत कडक होऊन तडकण्याची भीती आहेच, आणि प्लिमथ हा ब्रँड २००१ मध्येच बंद झाल्यामुळे सुटे भाग मिळवणं सोपं जाणार नाही. ती उघडायची तारीख आहे १७ नोव्हेंबर २०४८.