दहा मिलिग्रॅमचा प्रश्न

औषधसंशोधन म्हटले की नवा रेणू, पेटंट आणि कोट्यवधींची गुंतवणूक आठवते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’मध्ये, झालेल्या एका मोलाच्या कामात यातले काहीच नव्हते. औषध जुनेच होते. ठरवायची होती ती मात्रा.

आजार सिकलसेलचा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच बिघाड. पण ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडे असह्य ठणकतात. मध्य भारतात हा दोष आढळतो, हे शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवले.

पहिली तपासणी अगदी साधी. नळीत सोडियम डायथायोनाइटचे द्रावण, त्यात थोडे रक्त, नळीमागे काळ्या रेघांचा कागद. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या की नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला जातो. तिथे विजेच्या ओढीने सरकताना सिकलचे हिमोग्लोबिन साध्या हिमोग्लोबिनच्या मागे पडते आणि पट्टीवर एएस की एसएस, वाहक की रुग्ण, ते कळते.

हायड्रॉक्सियुरिया हे मूळचे कर्करोगावरचे औषध. ते गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते आणि त्यामुळे दोरे बनणे रोखले जाते. प्रौढ रुग्णांवरची अमेरिकी चाचणी 1995 साली प्रसिद्ध झाली. तिथली पद्धत अशी, की किलोमागे 15 मिलिग्रॅमपासून सुरुवात करायची आणि रक्तपेशी धोक्याइतक्या घटत नाहीत तोवर मात्रा वाढवत न्यायची. त्यासाठी वारंवार रक्ततपासणी लागते. गडचिरोलीच्या आतल्या गावातून येणाऱ्या आईबापांना ते कसे परवडावे?

डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी म्हणूनच प्रश्न बदलला. किलोमागे फक्त 10 मिलिग्रॅम, तेही न वाढवता दिले तर? तीव्र त्रास असलेली 60 मुले घेतली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषधासारखेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य, 18 महिने. कोणाला काय मिळते ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. वेदना यंत्राने मोजता येत नाही आणि आशेनेही ती कमी वाटू शकते, म्हणून ही आंधळी पद्धत लागते. दुखणाऱ्या मुलाला औषधाविना ठेवणे मनाला टोचते, हे खरेच. पण इतकी कमी मात्रा लागू पडते की नाही, हे त्याशिवाय खात्रीने सांगता आले नसते.

निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाले. निष्क्रिय द्रव्य घेणाऱ्या मुलांत वेदनेचे झटके वर्षाला सरासरी दहाच्या आसपास राहिले. औषध घेणाऱ्यांत ते एकाहूनही कमी झाले. रक्त देण्याची आणि दवाखान्यात भरती करण्याची वेळही फार कमी आली. एका केंद्रातली 60 मुले हा पुरावा लहान आहे, पण फरक इतका मोठा, की गरीब रुग्णांच्या सोयीची मात्रा निरुपयोगी असेल ही शंका उरली नाही. नागपूरच्या वैद्यकीय इतिहासात मी या कामाला फार वरचे स्थान देतो.

आता अडचण गोळीची आहे. 20 किलोच्या मुलाला 200 मिलिग्रॅम हवे आणि सर्रास मिळणारी कॅप्सूल 500ची. लहान मात्रेचे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम मिळेल, एवढे शासनाने पाहावेच.