आईच्या मैत्रिणींसाठी एक शो लावा

तुमच्या घरात ओटीटीचा पासवर्ड कुणाकडे असतो? बहुतेक तुमच्याकडेच. टीव्हीवर ॲप कसं उघडायचं, नेट संपलं की हॉटस्पॉट कुठून द्यायचा, हे सगळं तुम्हालाच जमतं. तर आज त्या पासवर्डचा एक चांगला उपयोग सांगते.

‘झिम्मा’ आठवतोय ना? हेमंत ढोमेचा हा सिनेमा १९ नोव्हेंबर २०२१ ला आला. थिएटरं उघडून जेमतेम महिना झालेला, त्यातही अर्ध्याच खुर्च्या भरायची परवानगी. सिनेमात ना मारामारी, ना कुणी सुपरस्टार हिरो. वेगवेगळ्या वयाच्या सात बायका टूरबरोबर इंग्लंडला जातात, रुसतात, भांडतात, खदाखदा हसतात आणि परतताना मैत्रिणी झालेल्या असतात. सुहास जोशी, निर्मिती सावंत, सुचित्रा बांदेकर यांच्यासारख्या अभिनेत्री इथे कुणाची आई किंवा सासू म्हणून कोपऱ्यात उभ्या नव्हत्या, गोष्टच त्यांची होती. सिनेमा इतका चालला की २०२३ मध्ये ‘झिम्मा २’ आला.

त्याच वर्षी ३० जूनला केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ आला. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, ती गोष्ट. गंमत बघा, याच केदार शिंदेंच्या २००४ च्या ‘अगं बाई अरेच्चा!’मध्ये बायकांच्या मनातलं ऐकू येणारा पुरुष हिरो होता. एकोणीस वर्षांनी बायका स्वतःच बोलायला लागल्या! हा सिनेमा बघायला बायका गटागटाने गेल्या. नऊवारी, नथ, वर गॉगल आणि थिएटरबाहेर फुगड्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालेलं, त्यामुळे गावाहून शहरात येऊन पिक्चर बघणं थोडं आवाक्यातही आलं होतं.

पण ज्या तेव्हा गेल्या नाहीत, त्यांचं काय? माझी आई गेली नाही. आम्ही साताऱ्यात राहतो. ‘येईल की टीव्हीवर, तेव्हा बघू,’ असं म्हणून तिने विषय संपवला. सिनेमे ओटीटीवर आले, टीव्हीवरही आले. आईने ‘झिम्मा’ बघितला तो माझ्या जुन्या मोबाइलवर, स्वयंपाकघरात, चार दिवस, तुकड्या-तुकड्याने. एका कानात इअरफोन आणि दुसरा कान मोकळा. का? तर कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या असतात, दारावरची बेल ऐकू यायला हवी असते.

एकदा पाणी प्यायला गेले तर ती पोळी लाटता लाटता एकटीच हसत होती. विचारलं, “कुणाची आठवण आली गं?” तिने तिच्या कॉलेजच्या मैत्रिणीचं नाव घेतलं. मावशी लग्न होऊन सांगलीला गेली. भेट कधी झाली होती? एका लग्नात, तीही पंगतीत उभ्या उभ्या. फोनवर ‘गुड मॉर्निंग’ची फुलं मात्र रोज जातात-येतात.

सातारा ते सांगली अंतर किती? सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कऱ्हाड, पेठनाका, आष्टा, की आलीच सांगली. आपण मित्राच्या वाढदिवसाला एवढं अंतर बाइकवर मारतो. त्या दोघींना वर्षानुवर्षं जमलं नव्हतं.

तुमच्या आईचा फोन एकदा बघा. अर्धी नावं ‘अमुकची आई’, ‘तमुकची मम्मी’ अशी सेव्ह केलेली असतील. त्या बाईंना नाव आहे, पण ते वापरात नाही. दहावीच्या बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप निघतात, तेव्हा मुलं पटापट सापडतात आणि मुली सापडत नाहीत. आडनाव बदललेलं, गाव बदललेलं. शोधायचं कसं?

म्हणून मी मावशीला परस्पर फोन केला. “रविवारी या, दुपारचा शो आहे.” त्या अर्ध्या तिकिटात आल्या, येताना सांगलीचं भडंग घेऊन. इकडून कंदी पेढे तयारच होते. शेजारच्या दोन काकूही आल्या. टीव्हीवर ‘झिम्मा’ लावला, चहा मी केला.

खरं सांगू? पिक्चर त्यांनी अर्धाच बघितला. पहिल्या अर्ध्या तासात ‘अगं, ही बघ, अगदी तुझ्यासारखी’ सुरू झालं आणि नंतर पडद्यावर कोण काय बोलतंय याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. काय काय बोलल्या ते इथे लिहायचं नाही, अशी आईची ताकीद आहे. एवढंच सांगते, कित्येक महिने आईला रात्रीची धड झोप लागत नाही, हे मला त्या दुपारी कळलं. एकाच घरात राहून! ‘अगं, मलाही तसंच होतंय, चल, दोघी मिळून डॉक्टरकडे जाऊ,’ हे मावशी म्हणाली. आम्ही घरातल्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

झिम्मा हा मंगळागौरीतला खेळ. टाळी द्यायला समोर कुणीतरी लागतंच, एकटीला तो खेळता येत नाही. हा सिनेमाही तसाच आहे. थिएटरमध्ये शेजारच्या खुर्चीत मैत्रीण असते. घरी आला की तो मोबाइलएवढा होतो आणि बघणारी एकटी पडते. तेवढं आपण बदलू शकतो.

तर येत्या रविवारचा बेत ठरवा. आईला विचारू नका, ती ‘कशाला उगाच’ म्हणेल. तिच्या मैत्रिणीला फोन करा. वेळ दुपारी तीनची ठेवा, म्हणजे जेवणं उरकलेली असतात आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला अवकाश असतो. त्या दिवशीचा संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही केलात तर उत्तमच, नाहीतर बाहेरून मागवा. मोबाइल टीव्हीला जोडून ठेवा, आवाज आधी तपासा. एकदा पिक्चर सुरू झाला की तिथून उठा. दारावरची बेल वाजली तर तुम्ही बघा, कुकरच्या शिट्ट्याही तुम्हीच मोजा.

आमच्याकडे पुढचा शो ठरलाय. या वेळी सांगलीला, मावशीच्या घरी, ‘बाईपण भारी देवा’. आई एकटीच जाणार आहे. मला बोलावलेलं नाही.