बहावा नेमका कधी फुलतो? शाळकरी मुलांना विचारा!

केरळमध्ये एप्रिलच्या मध्यावर विषू हा सण येतो. त्या पहाटे डोळे उघडताच जी आरास बघायची, तिच्यात बहाव्याची पिवळी फुलं लागतातच. पण हल्ली बहावा विषूच्या आधीच फुलून जातो, कधी भलत्याच महिन्यात फुलतो, असं तिथले लोक म्हणतात. खरंच तसं आहे का? हे तपासायचं तर जुन्या नोंदी हव्यात.

जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी सुमारे १२०० वर्षं मागे जातात. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. आपल्याकडे सण पंचांगात सापडतो, झाडाचा बहर मात्र कुणी सलग लिहून ठेवलेला फारसा नाही.

ही उणीव भरून काढायला २०१० च्या सुमारास 'सीझनवॉच' हा उपक्रम सुरू झाला. भाग कुणीही घेऊ शकतं, पण मोठा भार उचलला तो केरळच्या शाळांनी. मुलांनी जवळचं एक झाड निवडायचं. आंबा, फणस, चिंच, बहावा, काहीही. मग दर आठवड्याला त्याच झाडापाशी जायचं आणि कोवळी पानं, कळ्या, फुलं, फळं यांच्यापुढे 'नाही', 'थोडी' किंवा 'भरपूर' लिहायचं. एक तृतीयांशापेक्षा कमी झाडावर असतील तर थोडी, त्याहून जास्त तर भरपूर. बस्स, एवढंच!

खरी अडचण वेगळीच आहे. शाळेत मुलांना 'बरोबर उत्तर' द्यायची सवय असते. 'बहावा उन्हाळ्यात फुलतो' हे पाठ असलं, की झाड न बघताही तसं लिहावंसं वाटतं. इथे मात्र 'आज एकही फूल नाही' ही नोंदसुद्धा तितकीच मोलाची. आपण सगळे फुललेल्या बहाव्याचे फोटो टाकतो, बिनफुलांचा बहावा कोण टाकतो? आणि तोच नसेल तर बहर सुरू कधी झाला हे कळणार कसं?

दुसरी अडचण सुट्टीची. बहाव्याच्या ऐन बहरात शाळा बंद! म्हणून झाड शाळेच्या आवारातलं घेण्यापेक्षा घराजवळचं घेतलेलं बरं. आणि शाळेतलंच घेतलं असेल, तर दहावीच्या मुलांनी निरोप घेण्याआधी ते झाड आणि ती वही नववीतल्या कुणाकडे तरी सोपवावी. नाहीतर झाड तिथेच राहतं, नोंद तुटते.