पूर्णाकाठाहून समुद्राकाठी

जाफराबादच्या पूर्णेचं पाणी गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला मिळतं. उन्हाळी सुटीत पावलं मात्र पश्चिमेला, मालवणकडे वळतात.

■ कुठे : मालवण सागरी अभयारण्य, स्थापना १९८७, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करताना प्रवाळ दिसतं.

■ कयाक : तारकर्लीजवळ कर्ली खाडीच्या संथ पाण्यात, कांदळवनालगत.

■ कातळावर : ओहोटीनंतर उरलेल्या डबक्यांत समुद्रफुलं, कालवं, रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटलेले खेकडे.

■ वेळ : अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वाधिक ओसरतं. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. पाणी चढू लागताच परता.

■ नियम : प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तोडू नका, त्यावर उभे राहू नका.